ब्रेकचं काम झालं, पण लाल दिवा जात नाही

पत्र असं आहे: "माझी गाडी पंचवीस वर्षं जुनी आहे. मागच्या डाव्या चाकाच्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत होतं. तो सिलिंडर नवा टाकला, मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू बदलले, पुढचे पॅडही बदलले आणि मागच्या ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली. गाडी घरी आणल्यापासून डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा सतत पेटलेला आहे. हँडब्रेक पूर्ण खाली आहे. ब्रेक लागतात, पण पेडल पूर्वीपेक्षा थोडं जास्त खाली जातं असं वाटतं. मेकॅनिक म्हणतात, जुन्या गाड्यांत असं होतंच, दिव्याची वायर काढून टाकू. काढू द्यावी का? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?"

वायर काढू देऊ नका. गाडी चालवायची की नाही, ते पुढे सांगितलेली पेडलची तपासणी केल्यावर ठरवा. ती होईपर्यंत गाडी जागची हलवू नका. दिव्याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंय आणि पेडलबद्दल एकच वाक्य, तेही 'असं वाटतं' म्हणून. मला मात्र तुमच्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिवा एखाद्या वाकलेल्या स्विचमुळेही पेटतो. पेडल खाली जायला लागलं, तर त्यामागे आत काहीतरी नक्की बिनसलेलं असतं.

म्हणून सुरुवात पेडलपासून करू. इंजिन बंद ठेवा आणि पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पेडलवरच्या पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता ते पायाने घट्ट दाबून मिनिटभर तसंच धरा. जागच्या जागी राहिलं तर ठीक. हळूहळू पायाखालून खाली सरकत गेलं, तर ऑइल कुठून तरी निसटतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजू, पाइपांचे जोड, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर) जिथे बूस्टरला बसतो तो सांधा, हे सगळं टॉर्च लावून पाहा. कुठेच ओल नसेल आणि तरी पेडल खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी सील दाब धरत नाही. अशी गाडी चालवायची नाही, गॅरेजलासुद्धा ओढूनच न्यायची.

जुन्या गाडीत हे नेमकं ब्रेकच्या कामानंतर का होतं, तेही सांगतो. रोजच्या वापरात पेडल कधीच तळापर्यंत जात नाही. त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या नळीचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात येत नाही आणि तिथे गंज आणि गाळ धरतो. हवा काढताना मदतनीस पेडल थेट जमिनीपर्यंत दाबतो, तेव्हा सील त्या खरबरीत भागावरून घासत जाते आणि तिची कड फाटते. काल ठीक असलेला मास्टर सिलिंडर त्यामुळे आज दाब सोडायला लागतो. जुन्या गाडीची हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा आणि पेडल अर्ध्याच्या थोडं पुढेपर्यंतच जाऊ द्यावं. ज्यांची गाडी अजून गॅरेजमध्ये जायची आहे, त्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

समजा धरून ठेवलेलं पेडल खाली सरकत नाही, पण पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. वर आल्यावर ते कसं लागतं, ते पाहा. टणक लागलं, तर मागच्या शूंचं अंतर जुळवलेलं नाही. स्प्रिंगसारखं दबलं, तर ब्रेकच्या पाइपांत हवा राहिली आहे. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय शूंवर आहे. नवे शू जाड असतात. त्यांच्यावर ड्रम चढवायचा तर दातेरी अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवावा लागतो आणि ड्रम बसल्यावर तो पुन्हा बाहेर फिरवायचं राहून जातं. शू ड्रमपासून लांब राहिले की त्यांना तिथवर ढकलायला जास्त ऑइल लागतं आणि पेडल खोल जातं. 'अ‍ॅडजस्टर आपोआप जुळतो' असं म्हणून ते सोडून देऊ नये. काही गाड्यांत तो उलटं चालवताना ब्रेक मारल्यावर सरकतो, काहींत हँडब्रेक ओढल्यावर, आणि सुरुवातीचं अंतर फार असेल तर सरकतच नाही. दोन्ही बाजूंचे शू एकदम बदलताना आणखी एक चूक होते. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या अ‍ॅडजस्टरचे आटे परस्परांच्या उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली, तर अंतर आपोआप कमी व्हायचं सोडून वाढत जातं.

इंजिन बंद असताना पेडल दाबून धरलं आणि तसंच इंजिन चालू केलं की ते किंचित खाली जातं. तो बूस्टर काम करत असल्याचा पुरावा आहे, त्याला घाबरू नका. पुष्कळ लोक नेमके इथेच गोंधळतात. खाली गेलं नाही, तर मात्र बूस्टरची नळी नीट बसली आहे का ते पाहा. काही डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम कमी पडला तरी हाच लाल दिवा पेटतो.

आता दिव्याकडे येऊ.

तुमच्या काळातल्या गाडीत हा दिवा बहुधा अगदी साध्या जोडणीचा असतो. चावी फिरवली की बल्बला एका बाजूने करंट मिळतो. दुसऱ्या बाजूची वायर दोन-तीन स्विचांकडे जाते, आणि त्यातल्या कुणीही ती बॉडीला अर्थ केली की दिवा पेटतो. एक स्विच हँडब्रेकच्या दांड्याखाली, एक ब्रेक ऑइलच्या टाकीत आणि काही गाड्यांत तिसरा पाइपांच्या जोडावरच्या पितळी किंवा लोखंडी व्हॉल्व्हवर. दिवा एकच असल्यामुळे कोणता स्विच बोलतोय ते डॅशबोर्डवरून कळत नाही. पण एकेकाचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढत गेलं की कळतं. चाकांना अडण्या लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक खाली करा आणि इंजिन चालू ठेवा. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, तर बऱ्याच गाड्यांत दिवा बल्ब तपासण्यासाठी म्हणून पेटलेलाच राहतो आणि तुमची फसगत होते. मग एक कपलर काढा, दिवा पाहा, तो परत लावा आणि पुढच्याकडे जा. ज्याचा कपलर काढल्यावर दिवा विझतो, दोष त्या स्विचाच्या बाजूला. क्वचित काही गाड्यांत वायर तुटली तरी दिवा पेटेल अशी उलटी जोडणी असते, म्हणून आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर सोबत ठेवा.

हँडब्रेकपासून सुरू करायचं, कारण ते सगळ्यात सोपं. दांडा खाली असताना तो बोटाने आणखी खाली दाबून पाहा. दिवा लुकलुकला किंवा गेला, तर कारण सापडलं. तुमच्याकडे शू नवे आहेत, त्यामुळे हँडब्रेकची केबल बहुधा नव्याने ताणली असणार. ती जास्त ताणली तर दांडा शेवटचा एखादा मिलिमीटर खाली बसत नाही आणि स्विच उघडत नाही. तिथे स्विचची पट्टी वाकवून दिवा घालवणं सोपं आहे, पण ते चुकीचं आहे. ताणलेल्या केबलमुळे मागचे शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, आणि त्या तापलेल्या ड्रमच्या आतच तुमचा नवा व्हील सिलिंडर बसलेला आहे. जुळवणीचा क्रम ठरलेला आहे: केबल पूर्ण ढिली करायची, अ‍ॅडजस्टरने शू ड्रमला हलके टेकेपर्यंत बाहेर आणून चाक मोकळं फिरेल इतके मागे घ्यायचे, आणि मगच केबल ताणायची. घाईत केबल आधी ताणली जाते, आणि खोल पेडल व पेटलेला दिवा या दोन्ही तक्रारी त्या एकाच घाईतून येऊ शकतात. तुमच्या दोन लक्षणांची जोडी पाहता मी सगळ्यात आधी इथे हात घालीन.

टाकीतला स्विच म्हणजे एक तरंगणारा फ्लोट. पातळी उतरली की तो खाली येतो आणि स्विच जोडतो. ऑइल कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. वळणावर, चढावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकत असेल, तर पातळी किमान खुणेच्या आसपास आली आहे असं समजा. हवा काढल्यानंतर टाकी भरली असेल, तरी पुढचे नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल दाबलं की कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढं ऑइल खाली उतरतं. म्हणून पातळी कामानंतर लगेच पाहायची, आणि एकदा गाडी थंड झाल्यावर पुन्हा पाहायची. पातळी बरोबर असूनही दिवा या स्विचमुळेच पेटत असेल, तर फ्लोट तळाशी अडकलाय किंवा इतक्या वर्षांत ऑइल शोषून बुडालाय. टाकीला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारा. चिकटलेला फ्लोट कधी कधी तेवढ्याने सुटतो. झाकणातच फ्लोट असेल, तर झाकण उचलून फ्लोट वर-खाली हलवा आणि दिवा पाहा. पण पातळी रोज थोडी थोडी उतरत असेल, तर टाकी भरत राहून दिवा विझवू नका. ते ऑइल कुठेतरी जातंय. बाहेर काहीच दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ते बूस्टरमध्ये उतरत असू शकतं.

टाकीत काय भरता, तेही पाहा. झाकणावर जे लिहिलंय तेच भरायचं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच घराण्यातली. डॉट ५ हे नाव शेजारचं वाटलं, तरी ते सिलिकोनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळायचं नाही. पहिल्या तिन्ही प्रकारांत हवेतली ओल शिरते. डॉट ३चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हे आकडे २३० आणि १५५. त्यामुळे अर्धवट वापरून कुठेतरी पडून राहिलेली बाटली टाकीत ओतायची नाही. आणि हे ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

तिसऱ्या स्विचबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ब्रेकच्या कामानंतर पेटून राहणारा दिवा बऱ्याचदा याचाच असतो आणि यावरच लोक हात टेकतात. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोटारींत ब्रेकची दोन वेगवेगळी मंडळं (ऑइलचे स्वतंत्र मार्ग) देण्याची पद्धत रूढ झाली, एक फुटलं तरी दुसऱ्याने गाडी थांबावी म्हणून. दोन्हींच्या मध्ये एका व्हॉल्व्हमध्ये छोटा दांडा असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असेल तर तो मधोमध राहतो. एका बाजूचा दाब पडला की दुसरी बाजू त्याला ढकलते आणि तो स्विचच्या पिनला टेकून दिवा पेटवतो. जुन्या अमेरिकन बनावटीच्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह सर्रास सापडतो. जपानी आणि युरोपीय गाड्यांत बहुधा टाकीतल्या स्विचवरच भागवलेलं असतं. मास्टर सिलिंडरकडून निघालेल्या पाइपांच्या वाटेवर, त्याच्या खाली किंवा चासीवर, मध्यभागी वायर लागलेला धातूचा ठोकळा दिसला तर तो हाच.

आता तुमच्या गाडीत काय घडलं असेल ते बघा. मागची हवा काढताना मागचा निपल (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडा होता, म्हणजे मागचा दाब शून्य. पुढची बाजू बंद होती, म्हणजे तिथे पूर्ण दाब. पेडल जोरात मारलं की पुढच्या दाबाने दांडा मागच्या बाजूला सरकणार, आणि जुन्या व्हॉल्व्हमध्ये गाळामुळे तो तिथेच अडकून बसणार. व्हॉल्व्हने आपलं काम बरोबर केलं, फक्त दांडा परत आला नाही. त्याला मध्ये आणायचा तर दाब उलट्या बाजूने यायला हवा. आधी दोन्ही मंडळांतली हवा पूर्ण निघाली आहे आणि टाकी भरलेली आहे याची खात्री करा. मग पुढच्या एका चाकाच्या निपलला नळी लावून तिचं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा, निपल उघडा, आणि मदतनिसाला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा. पेडल नेहमीपेक्षा खोल जाईल, ते अपेक्षित आहे, पण झटका नको. एकाने नजर दिव्यावरच ठेवायची. तो विझला की पेडल तिथेच धरून निपल ताबडतोब बंद करायचा. उशीर झाला तर दांडा मध्य ओलांडून पलीकडे जातो, दिवा पुन्हा पेटतो, आणि हेच सगळं मागच्या निपलवर करावं लागतं. काही व्हॉल्व्हमध्ये दांडा स्प्रिंगने आपोआप मध्ये येतो, तिथे नुसतं पेडल दोन-तीनदा घट्ट दाबलं तरी पुरतं.

मंडळं पुढे-मागे विभागलेली असतील तर हे असं. पुष्कळ गाड्यांत ती तिरकी असतात: मागचं डावं चाक पुढच्या उजव्यासोबत, मागचं उजवं पुढच्या डाव्यासोबत. तुमची गाडी तशी असेल आणि शेवटची हवा मागच्या डाव्या चाकाची काढली असेल, तर निपल पुढच्या डाव्या चाकाचा उघडायचा.

दांडा मध्ये येऊनही पहिल्याच जोरदार ब्रेकला दिवा परत पेटला, तर मात्र तो खरं सांगतोय. एका मंडळात हवा आहे, गळती आहे, किंवा मागचे शू इतके दूर आहेत की त्या बाजूला दाब उशिरा येतोय. स्विच व्हॉल्व्हमधून काढला आणि त्या भोकातून ऑइल आलं, तर आतली सील गेली आहे. तिथे स्विच बदलून काही होत नाही, व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

हवा राहण्याची एक जागा हमखास नजरेतून सुटते. कॅलिपर उतरवून परत लावले असतील, तर पुढची चाकं काढून निपल कुठे आहे ते बघा. तो कॅलिपरच्या वरच्या टोकाला असायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निपल खाली येतो आणि वर साठलेली हवा कितीही वेळा काढली तरी निघत नाही.

पुढच्या पॅडला वायर असेल, तर झीज दाखवणारा तो सेन्सरही हा दिवा पेटवू शकतो. जुने पॅड झिजून संपले असतील, तर त्यातला सेन्सरही घासून गेलेला असतो, आणि तोच नव्या पॅडमध्ये परत बसवला तर दिवा पेटलेलाच राहणार. काही गाड्यांत याला वेगळा दिवा असतो.

सगळे कपलर काढूनही लाल दिवा राहिला, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. हँडब्रेकच्या आवरणाखाली आणि टाकीजवळ आधी पाहा. सोबत बॅटरीचा दिवाही पेटत असेल, तर ब्रेक सोडून अल्टरनेटर तपासा. काही जपानी गाड्यांत चार्जिंग बंद पडलं की हे दोन्ही दिवे एकत्र पेटतात. आणि पिवळा एबीएसचा दिवाही पेटला असेल, तर काम करताना चाकाच्या सेन्सरची वायर ओढली गेली का, त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला का, ते पाहावं. नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त चाकं लॉक होण्यापासूनचं संरक्षण नसतं. लाल आणि पिवळा एकत्र पेटले, तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. अशा गाडीला तपासणीआधी रस्त्यावर नेऊ नका.

मेकॅनिकशी भांडण नको. 'वायर काढू नका, कोणता स्विच अर्थ देतोय ते मला दाखवा' एवढं म्हणा. चांगल्या माणसाला ते दाखवायला फार वेळ लागत नाही. आणि काम संपल्यावर एक गोष्ट डोळ्यांनी पाहूनच गाडी ताब्यात घ्या: चावी फिरवल्यावर किंवा हँडब्रेक ओढल्यावर लाल दिवा पेटतो, आणि इंजिन चालू करून हँडब्रेक सोडल्यावर विझतो. कधीच न पेटणारा दिवा म्हणजे काढलेला बल्ब.

पेडल मिनिटभर जागेवर राहत असेल, कुठे ओल नसेल, आणि दोष हँडब्रेकच्या स्विचचा निघाला असेल, तर गॅरेजपर्यंत सावकाश चालवत न्यायला हरकत नाही, मागचे ड्रम तापत नाहीत ना एवढं वाटेत पाहा. बाकी कुठल्याही परिस्थितीत गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या. एवढं करूनही दिवा राहिला, तर मला पुन्हा लिहा, आणि पत्रात गाडीचं मॉडेल व वर्ष, कोणता कपलर काढल्यावर दिवा विझतो, आणि दाबून धरलेलं पेडल मिनिटभरात किती खाली गेलं, हे नक्की कळवा.